शिलालेखांतील सामान्य माणूस

राजांच्या वंशावळी पाठ केल्या म्हणजे इतिहास समजला, हा ग्रह आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. कोणत्या राजानें कोणास जिंकिलें हें त्यांतून कळतें. परंतु त्या राज्यांत नांदणारे शेतकरी, भिक्षु व स्त्रिया काय बोलत व काय लिहीत, याचा पत्ता लागत नाहीं. ही उणीव ज्यांनीं लंकाद्वीपापुरती आयुष्यभर श्रम करून पुष्कळ अंशीं भरून काढिली, त्या सेनरत परणवितान यांचें चरित्र वाचकांनीं मनन करावें असें आहे.

यांचा जन्म 1896 सालीं दक्षिण किनाऱ्यावरील गॉल शहरानजीक मेटारंब या खेड्यांत झाला. त्यांनीं संस्कृत, पाली इत्यादि प्राच्य भाषांचें अध्ययन पिरिवेनांत, म्हणजे भिक्षूंच्या पाठशाळेंत, केलें व पुढें सरकारी शाळेंत शिक्षकाची नोकरी धरली. 1923 सालीं ते पुरातत्त्व खात्यांत शिरले व शिलालेख-वाचनाचें शिक्षण घेण्यासाठीं हिंदुस्थानांत उटकमंड येथें आले. 1936 सालीं हॉलंडांतील लायडेन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. ज्या पदावर पूर्वीं परकीयांचीच नेमणूक होत असे, त्या पुरातत्त्व-आयुक्ताच्या पदावर 1940 सालीं ते आरूढ झाले आणि 1956 पर्यंत त्यांनीं तें भूषविलें.

लंकेच्या इतिहासाचा मुख्य आधार महावंस हा ग्रंथ. परंतु तो विहारांतील भिक्षूंनीं रचिलेला. राजे व संघ हेच त्याचे विषय. परणवितान यांनीं त्याच्या जोडीस दगडाची साक्ष आणिली. भिक्षूंस दान दिलेल्या गुहांवर कोरलेले हजाराहून अधिक प्राचीन ब्राह्मी लेख त्यांनीं वाचून 1970 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. दाते केवळ राजे नव्हते; गांवचे प्रमुख व उपासिकाही त्यांत आहेत.

याहूनही मोठें काम सिगिरियाचें. पांचव्या शतकांतील काश्यप राजाचा हा प्रासाद ओस पडल्यावर तेथील स्त्रीचित्रें पाहण्यास लोक येत, व गुळगुळीत भिंतीवर आपलीं पद्यें कोरून जात. आठव्या ते दहाव्या शतकांतील अशीं 685 पद्यें त्यांनीं उलगडिलीं, त्यांचें व्याकरण व लिपि यांचें विवेचन केलें, आणि 1956 सालीं दोन खंडांत तीं छापून निघालीं. त्या काळचें लौकिक सिंहली काव्य इतरत्र जवळजवळ उरलेलेंच नाहीं. पद्यकर्त्यांपैकीं कित्येकांनीं आपलें नांव व गांव लिहिलें आहे. त्यांत स्त्रियाही आहेत. ज्यांस कोणत्याही बखरींत जागा मिळाली नसती, त्यांची वाणी यामुळें हजार वर्षांनीं पुन्हां ऐकूं आली.

मात्र सत्याशीं इमान राखावयाचें तर उत्तरायुष्यांतील त्यांची चूकही सांगितली पाहिजे. जुन्या लेखांच्या ओळींमध्यें सूक्ष्म अक्षरें कोरलेलीं आहेत असें मानून त्यांनीं त्यांवर मलाया व ग्रीक लोकांशीं असलेल्या संबंधांचे मोठे सिद्धान्त उभारिले. इतर विद्वानांस तीं अक्षरें दिसेनात. त्यांनीं तीं अमान्य केलीं, आणि तें योग्यच झालें. 1972 सालीं परणवितान वारले. त्यांच्या देशबांधवांनीं त्यांचा गौरव केला, तरी त्यांचा शब्द वेदवाक्य मानिला नाहीं. विद्येची खरी प्रतिष्ठा ती हीच.

आपल्याकडे काय स्थिति आहे? कार्ल्याच्या लेण्यांत सुतार व सुगंधी द्रव्यांचे व्यापारी यांचीं दानें कोरलेलीं आहेत. तेथें जाणारे आम्ही तीं अक्षरें ओलांडून जातों, आणि कित्येकजण शेजारीं आपलें नांव खरडून येतात. शाळाशाळांतून मुलांस ब्राह्मी अक्षरांची तोंडओळख करून देणें कांहीं अशक्य नाहीं. एका खेड्यांतील शिक्षकानें आपल्या लोकांस त्यांचे विसरलेले पूर्वज परत दिले. आमच्या शिक्षकांनीं निदान आपल्या भिंती वाचावयास लागावें, इतकीच आमची विनंती आहे.