पासोडीवरची पाच भुते

पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण. अंबाजोगाईत अशी एक पासोडी चारशे वर्षांहून अधिक काळ जपलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर ओव्या लिहिलेल्या आहेत. विषय आहे पंचीकरण. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच भुते एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यातून माणसाचे शरीर कसे घडते, याची ती मांडणी. लिहिणारे दासोपंत.

शके १४७३ मध्ये, म्हणजे इ. स. १५५१ साली, भाद्रपद वद्य अष्टमीला नारायणपेठेत त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत तिथले देशपांडे, आई पार्वतीबाई. मुलखात दुष्काळ पडला, सारा थकला आणि बिदरच्या बरीदशाही दरबाराने वसुलीसाठी दिगंबरपंतांच्या मुलालाच ओलीस ठेवून घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुदतीत रक्कम आली नाही तर मुलगा परत मिळणार नव्हता. शेवटी दत्ताजी पाडेवार नावाच्या कुणा माणसाने पैसे भरले आणि दासोपंत सुटले. हा पाडेवार म्हणजे साक्षात दत्तच, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

पुढे तरुण वयातच त्यांनी घर सोडले. माहूरला बारा वर्षे साधना केली. तिथून ते गोदाकाठच्या राक्षसभुवनला, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात आले आणि अखेर अंबाजोगाईत स्थिरावले. या गावाला पंचभूतांचा विषय नवा नव्हता. इथेच ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहून वेदान्त मराठीत आणला होता. दासोपंत हे पैठणच्या एकनाथांचे समकालीन. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख असल्याचे सांगतात. रोज एका ढबूची शाई त्यांना लागे, अशी आख्यायिका आहे. एवढे लिहिणाऱ्या माणसाला कागद अपुरा पडला तर नवल नाही. पंचीकरणासाठी त्यांनी पासोडी घेतली.

पंचीकरणाचे गणित सोपे आहे. प्रत्येक भुताचे दोन भाग करायचे. अर्धा स्वतःकडे ठेवायचा. उरलेल्या अर्ध्याचे चार भाग करून ते इतर चार भुतांना वाटायचे. म्हणजे आपण ज्याला पाणी म्हणतो त्यात निम्मे पाणी आणि बाकीच्या चौघांचा एकेक अष्टमांश. जगात कोणतेही भूत निर्भेळ सापडत नाही, हा त्याचा अर्थ. मग याच पाचांतून शरीराची पंचवीस तत्त्वे मोजली जातात. हाडे, मांस, त्वचा, नाड्या, केस हे पृथ्वीचे. रक्त, लाळ, घाम, मूत्र, शुक्र हे पाण्याचे. भूक, तहान, आळस, झोप, मैथुन हे तेजाचे. चालणे, वळणे, पसरणे, आखडणे, रोखणे हे वायूचे. आणि काम, क्रोध, शोक, मोह, भय हे आकाशाचे. ग्रंथागणिक या यादीत थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच.

त्याच शतकात युरोपात एका वैद्यानेही भुतांची वाटणी केली होती. पॅरासेल्सस (१४९३–१५४१) हा औषधांत खनिजे आणणारा आणि खाणकामगारांच्या आजारावर लिहिणारा माणूस. त्याच्या मते चार भुतांत चार जातींचे जीव राहतात. पृथ्वीत नोम, पाण्यात अंडाइन, हवेत सिल्फ आणि आगीत सॅलमँडर. पाण्यातल्या स्त्रीने माणसाशी लग्न केले तर तिला आत्मा मिळतो, असेही त्याने लिहिले. हे पुस्तक १५६६ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. तेव्हा दासोपंत पंधरा वर्षांचे होते. आज मुले ज्या गेममध्ये अग्नीच्या किंवा पाण्याच्या आत्म्याशी नाते जोडून शक्ती मिळवतात, त्यांची वंशावळ बरीचशी या पुस्तकापर्यंत जाते.

दासोपंतांच्या मांडणीत असे नाते जोडायला जागाच नाही. भूत बाहेर कुठे बसलेले नाही, मग त्याला वश कोण करणार? माणूस आधीच त्या पाचांचा बनलेला आहे. साधकाने करायचे ते उलटे काम. पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात, असे एकेक तत्त्व मनाने मागे नेत शेवटी उरतो तो कोण, हे पाहायचे.

हे रसायनशास्त्र मात्र नव्हे, आणि तसे म्हणून दासोपंतांचा मान वाढणारही नाही. हवा हे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि इतर वायूंचे मिश्रण आहे. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे संयुग आहे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. आग ही वस्तू नसून क्रिया आहे. आपल्या शरीराच्या वजनात सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन आणि १० टक्के हायड्रोजन असतो. पंचभूते ही गंध, रस, रूप, स्पर्श, शब्द या अनुभवांवरून केलेली विभागणी. तिच्यावरून औषध ठरवता येत नाही.

तरीही त्या यादीतली एक गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. भय आणि शोक हे हाडे आणि रक्त यांच्याच कोष्टकात मोजलेले आहेत. ते बाहेरून अंगात शिरत नाहीत, ते शरीराच्याच हिशेबात आहेत. बालपणी ओलीस राहिलेल्या माणसाने भयाला ही जागा दिली, हे विशेष.

बोलीत मात्र भूत म्हटले की दुसराच अर्थ डोळ्यांपुढे येतो. एखादी बाळंतीण असंबद्ध बोलू लागते, तरुण मुलगा झटके येऊन पडतो, तापात आजोबा ओळख विसरतात, आणि घरचे म्हणतात, बाधा झाली. बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, अपस्मार, मेंदूज्वर, मधुमेह्याची अचानक उतरलेली साखर ही अशा लक्षणांची नेहमीची कारणे आहेत, आणि त्यांवर उपचार आहेत. मेंदूज्वरात आणि साखर उतरल्यावर तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही. मनाच्या तक्रारींसाठी ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. झटका, बेशुद्धी किंवा तापातली बडबड असेल तर फोन करत न बसता थेट रुग्णालय गाठावे. अंबाजोगाईत तर १९७० च्या दशकापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे.

दासोपंतांनी शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीला अंबाजोगाईतच देह ठेवला. तिथली थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही ठिकाणे आजही त्यांची परंपरा सांगतात. देवदर्शनाला गेलेल्याने पासोडीतला हा हिशेबही आठवावा. घरातले माणूस वेगळे वागू लागले, तर बिघाड त्या पंचविसांतच कुठेतरी आहे. तो शोधायला डॉक्टरकडे जायचे.