गरम केल्यावर अभिक्रिया लवकर का होते? – स्वांते अऱ्हेनिअस यांची ओळख



तापमान वाढलं की रासायनिक अभिक्रिया लवकर होते, हे आपण मुलांना सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण ती का लवकर होते, असं एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारलं तर? रेणू जोरात पळतात आणि जास्त वेळा आदळतात, असं आपण सांगून टाकतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. ते पूर्ण करणाऱ्या शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ.

स्वांते अऱ्हेनिअस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ विक येथे झाला. वडील जमीन मोजणीचं काम करत. छोटा स्वांते तीन वर्षांचा असताना कोणी न शिकवता वाचायला लागला, असं सांगतात. आकडेमोडीत तर तो फारच तरबेज होता.

१८८४ मध्ये त्यांनी उप्साला विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध सादर केला. विषय होता क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते. द्रावणातले सगळे रेणू सारखे नसतात, काही क्रियाशील असतात आणि काही नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. प्राध्यापकांना ते पटलं नाही. प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. पंचविशीतल्या या तरुणाला विद्यापीठात शिकवायची संधी मिळणार की नाही, हाच प्रश्न उभा राहिला.

मग त्यांनी काय केलं? प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगा शहरातले विल्हेल्म ओस्टवाल्ड तो वाचून इतके प्रभावित झाले, की स्वतः उप्सालाला येऊन भेटले आणि नोकरीही देऊ केली. त्यानंतर इकडच्यांचाही दृष्टिकोन बदलला. पुढे प्रवासासाठी अनुदान मिळालं आणि ओस्टवाल्ड, बोल्ट्झमन, व्हान्ट हॉफ अशा दिग्गजांसोबत त्यांना काम करता आलं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तापमान नेहमीच्या हवेपेक्षा १० अंशांनी वाढवलं, तर वायूच्या रेणूंचा सरासरी वेग जेमतेम २ टक्के वाढतो. पण अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो! २ टक्क्यांनी दुप्पट कसं होईल? तापमान आणि वेग यांचं गणिती सूत्र व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये मांडलं होतं. त्याचा अर्थ अऱ्हेनिअस यांनी १८८९ मध्ये सांगितला. आम्लामुळे साखरेचं विघटन कसं होतं, याचा ते विचार करत होते. त्यांनी जुनीच कल्पना पुन्हा वापरली : सगळे रेणू अभिक्रिया करत नाहीत, पुरेशी ऊर्जा असलेले मोजकेच करतात. ही लागणारी किमान ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा.

मुलांना उंच उडीचं उदाहरण द्या. ६० मुलांपैकी फक्त २ जण दांडी पार करतात. सरावाने सगळ्यांची उडी थोडी थोडी सुधारली. सरासरी फारशी बदलली नाही, पण आता ४ जण दांडी पार करतात. म्हणजे संख्या दुप्पट! रेणूंचंही तसंच आहे.

वायूंच्या बाबतीत याचा सुंदर पुरावा जर्मनीतल्या माक्स बोडेनश्टाईन यांच्या प्रयोगांतून मिळाला. १८९० च्या दशकात त्यांनी हायड्रोजन आयोडाइड वायू काचेच्या बंद चंबूत तापवला. त्यांच्या मोजमापांनुसार २८३ अंश सेल्सिअसपासून ५०८ अंशांपर्यंत विघटनाचा वेग सुमारे १ लाख पट वाढतो. एवढ्या फरकात रेणूंचा सरासरी वेग मात्र २० टक्केसुद्धा वाढत नाही. बघा, नुसत्या धावपळीने हे होणं शक्यच नव्हतं!

आपल्या स्वयंपाकघरातही हेच आहे. शेगडीतून येणारा गॅस हवेत मिसळला तरी आपोआप पेटत नाही. लायटरची ठिणगी पडली की तिथल्या रेणूंना पुरेशी ऊर्जा मिळते. त्यांच्या जळण्याची उष्णता शेजारच्या रेणूंना मिळते आणि ज्योत टिकून राहते. म्हणूनच गॅस गळत असेल तर एक ठिणगीही धोक्याची असते, हे मुलांना याच वेळी सांगता येईल.

१९०३ मध्ये अऱ्हेनिअस यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. आणि ते मिळालं कशासाठी? खालची श्रेणी मिळालेल्या त्या प्रबंधातूनच पुढे वाढलेल्या सिद्धांतासाठी! हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीचं तापमान किती बदलेल, याचं गणितही त्यांनी १८९६ मध्येच मांडलं होतं. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचं निधन झालं.

निकालाच्या दिवशी प्रगतीपुस्तकावर सही करताना ही गोष्ट जरूर आठवा. श्रेणी त्या दिवसापुरती असते. मुलाच्या डोक्यातल्या कल्पनेला कदाचित अजून थोडी ऊब हवी असते.