मूळ नक्षत्राजवळची खिडकी

माझे गाव डोईफोडिया, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले. नाव सांगितले की वर्गात हशा पिकतो आणि त्याची मला आता सवय झाली आहे. पण गावाने मला एक गोष्ट दिली, ती म्हणजे काळोख. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही अंगणात बाजा टाकून झोपतो. मे महिन्यात रात्री अडीचच्या सुमारास जाग आली, तर दक्षिणेला वृश्चिकाची नांगी आणि तिच्या डावीकडे धनु रास दिसते. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या दरम्यान, आकाशगंगेचा पट्टा चांगलाच रुंद व दाट होतो. मूळ नक्षत्रावर मूल जन्मले की लोक घाबरून शांत करतात. मला मात्र तिकडे पाहिले की वाल्टर बाडे या ज्योतिर्विदाची आठवण होते.

त्या दिशेला आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. केंद्राभोवती कोट्यवधी ताऱ्यांचा एक दाट फुगवटा आहे. सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, तिचे केंद्र धनु राशीकडे दूरवर आहे, हे हार्लो शेपली यांनी 1918 च्या सुमारास दाखवून दिले होते. पण ते केंद्र दिसत नव्हते. मध्ये धुळीचे ढग आहेत आणि ते केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा गिळून टाकतात.

बाडे यांचा जन्म 1893 साली जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात, एका शाळामास्तरांच्या घरी झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण मुलगा आकाशाच्या नादी लागला. जन्मतःच कमरेच्या सांध्यात दोष असल्याने ते लंगडत चालत. 1919 साली त्यांनी गॉटिंगेनला डॉक्टरेट मिळवली, पुढे हँबुर्गच्या वेधशाळेत बारा वर्षे काढली आणि 1931 साली ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत दाखल झाले. तेथे 100 इंची दुर्बीण होती. फ्रिट्झ झ्विकी यांच्याबरोबर 1934 साली त्यांनी अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉन तारा जन्मतो, ही त्या काळी धाडसी वाटणारी कल्पना मांडली.

नंतर महायुद्ध आले. बाडे अमेरिकेचे नागरिक झालेले नव्हते. नागरिकत्वाचे कागद घर बदलताना हरवले आणि त्यांनी पुन्हा खटपट केली नाही, असे सांगतात. साहजिकच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अशा माणसांना रात्री घराबाहेर पडण्याची बंदी असे, आणि ज्योतिर्विदाचा तर दिवसच रात्री उगवतो! वेधशाळेने प्रयत्न करून त्यांना सवलत मिळवून दिली. हबल यांच्यासारखे सहकारी युद्धकार्यासाठी निघून गेले होते. युद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवेही मंदावले होते. ज्यांच्यावर संशय होता, त्यांच्याच वाट्याला मोठी दुर्बीण आणि काळोख दोन्ही आले. त्या रात्रींत त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातील तारे प्रथमच सुटे करून दाखवले. ताऱ्यांचे तरुण व वृद्ध असे दोन समुदाय असतात, हा निष्कर्ष त्यांनी 1944 साली मांडला.

मग ते आपल्याच आकाशगंगेच्या केंद्राकडे वळले. धूळ हटवणे माणसाच्या हाती नव्हते. तेव्हा बाडे यांनी ती कोठे विरळ आहे याचा शोध घेतला. धनु राशीतील गॅमा ताऱ्याजवळ, एनजीसी 6522 या तारकागुच्छाच्या आसपास, त्यांना अशी जागा सापडली. ती केंद्राच्या नेमकी समोर नाही, सुमारे 4 अंश बाजूला आहे. पण तेथून फुगवट्यातील तारे दिसतात. त्यांत त्यांनी आर आर लायरी जातीचे रूपविकारी तारे शोधले. या ताऱ्यांचे खरे तेज जवळपास सारखे असते. म्हणून ते किती मंद दिसतात, यावरून अंतर काढता येते. वाटेत धुळीने किती प्रकाश खाल्ला, तेवढा हिशेबात धरावा लागतो. 1946 साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्यांचे उत्तर तीस हजार प्रकाशवर्षांच्या आसपास होते, आणि आजचा आकडा सुमारे 26,700 आहे. त्या जागेला आज बाडे यांची खिडकी म्हणतात.

बाडे यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. फुगवट्यातील तारे गुच्छांतील वृद्ध ताऱ्यांसारखेच असावेत असे त्यांना वाटले होते. पुढे तेथे जड मूलद्रव्यांनी समृद्ध तारेही पुष्कळ सापडले आणि फुगवटा गोल नसून लांबट दांड्यासारखा असल्याचेही कळले. पण ते कळण्याची वाट याच खिडकीतून गेली. 1952 साली रोम येथे बाडे यांनी दीर्घिकांची मानलेली अंतरे सुमारे दुप्पट करावी लागतील, असे दाखवले. 1960 साली गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

माउंट विल्सन 34 अक्षांशावर आहे. तेथून ही खिडकी क्षितिजापासून जेमतेम 25 अंश वर येते. आमचे डोईफोडिया 21 अक्षांशाच्या थोडे वर, म्हणून आम्हाला ती 38 अंशांवर दिसते. बाडे यांच्यापेक्षा आमची जागा चांगली आहे, उणीव आहे ती दुर्बिणीची आणि जिद्दीची. दुर्बीण मागून मिळेल. मित्रांनो, या सुटीत गावी गेलात की एका रात्री उठून दक्षिणेकडे पाहा. समोर धूळच धूळ असली, तरी ती सगळीकडे सारखी दाट नसते.