बाळशास्त्री जांभेकर यांचे अल्पचरित्र

अक्कलकोट पाहिले नाही असा विद्यार्थी आपल्या सोलापुरात विरळाच सापडेल. मोटारीने गेल्यास तासाभराचा प्रवास. कोणी यात्रेच्या निमित्ताने गेलेला असतो, कोणी तेथील संस्थानिकांचे शस्त्रागार पाहण्यासाठी. परंतु ज्या गृहस्थाने मराठी भाषेत पहिले वृत्तपत्र काढले आणि कॉलेजात शिकविली जाणारी विद्या कॉलेजाच्या भिंतीबाहेर नेऊन वाटली, तो याच अक्कलकोटात राजवाड्यातील शिक्षक म्हणून राहून गेला, ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले माझ्याकडे थोड्या अविश्वासानेच पाहतात. इ. स. १८३२ साली तेथील अल्पवयी राजपुत्रास शिकविण्यासाठी मुंबईहून एक तरुण शास्त्री पाठविण्यात आला. त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्याचे नाव बाळ गंगाधर जांभेकर.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ साली कोकणात पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव हल्लीच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान व शास्त्रव्यासंगी होते, आणि मुलाचे मराठीचे व संस्कृताचे पहिले पाठ घरीच झाले. मुलाची बुद्धी असाधारण आहे हे ध्यानी येताच त्यास मुंबईस धाडण्यात आले. तेथे सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या छायेखाली त्याचे इंग्रजीचे व गणिताचे अध्ययन सुरू झाले. छत्रे हे मुलांसाठी शालोपयोगी पुस्तके तयार करविणाऱ्या मुंबईच्या शिक्षणमंडळीचे चिटणीस होते, आणि कोकणातून आलेल्या या मुलाने वयाची विशी गाठण्यापूर्वीच त्याच मंडळीत उपचिटणिसाची जागा मिळविली. पुढे संस्कृत, मराठी, इंग्रजी यांखेरीज गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू, फारसी, फ्रेंच, लॅटिन व ग्रीक इतक्या भाषांत त्यांची गती झाली. आपल्या शाळेतील मुले घरी कानडी वा तेलुगू, रस्त्यात मराठी व वर्गात इंग्रजी बोलतात, त्यांना या यादीचे फारसे नवल वाटणार नाही. परंतु त्या काळी कोश नव्हते, पुस्तके नव्हती, आणि शिकविणारा भेटला तर त्याचे पाय धरावे अशी स्थिती होती.

त्या वेळची विद्येची अवस्था येथे थोडी सांगितली पाहिजे. विद्या दोन पेट्यांत बंद होती. एका पेटीत संस्कृतातील जुनी विद्या. तिची किल्ली ठराविक घराण्यांच्या हाती, व इतरांनी तिच्याकडे पाहूही नये असा दंडक. दुसऱ्या पेटीत युरोपातून आलेली नवी विद्या. ती सर्वांना खुली आहे असे म्हणत, परंतु तिला इंग्रजीचे कुलूप होते, आणि ते उघडणारे मूठभर तरुण मुंबई-पुण्यासारख्या शहरांतच. ज्याला इंग्रजी आले त्याला सरकारी नोकरी मिळे व तो सुखी होई. आपण शिकलो ते खेड्यातल्या भावालाही कळावे, ही कल्पना फारशी कोणाच्या मनात येत नसे. बाळशास्त्र्यांच्या हाती दोन्ही पेट्यांच्या किल्ल्या होत्या. त्यांना मोठ्या पगाराची जागा धरून स्वस्थ बसता आले असते.

त्यांनी काय केले ते पाहा. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' या पत्राचा पहिला अंक मुंबईत निघाला. मराठीतील हे पहिले वृत्तपत्र होय. प्रत्येक पानावर दोन स्तंभ असत, एक मराठी व एक इंग्रजी. मराठी स्तंभ आपल्या लोकांसाठी, आणि या देशातील लोकांच्या मनात काय आहे हे राज्यकर्त्यांस कळावे म्हणून इंग्रजी. आरंभी ते पाक्षिक होते, पण चार महिन्यांच्या आतच साप्ताहिक झाले. या कामी भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांचे साहाय्य होते. वर्तमानपत्र विकत घेऊन वाचण्याची सवय कोणासच नव्हती. वर्गणीदार थोडे, आणि छापलेल्या कागदाला शिवावे की नाही याविषयी कित्येक जुन्या शास्त्र्यांच्या मनात शंका, कारण शाईत चरबी असते असा प्रवाद होता. तरीही 'दर्पण' १८४० च्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे साडेआठ वर्षे चालले. त्यात बातम्या असत, तशीच देशोदेशींच्या विद्यांची व सुधारणांची माहितीही असे. विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनी या पत्रातून मांडला, आणि एवढ्यावर न थांबता गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून त्या विषयावर शास्त्राधारांचा एक ग्रंथही लिहवून घेतला. जुन्या विद्येचा असा उपयोग करावा हे सुचणे, मला वाटते, दोन्ही विद्या जाणणाऱ्यासच शक्य होते.

'दर्पण' सुरू झाले त्याच वर्षी त्यांची अक्कलकोटास नेमणूक झाली. आगगाडी त्या काळी या देशातच नव्हती. मुंबईहून येणाऱ्यास घाट चढून, नद्या उतरून, कित्येक मुक्काम करीत यावे लागे. दोन वर्षे ते येथे होते. एका राजपुत्रास शिकविण्याचे हे काम मानाचे होते खरे, पण ते एकाच विद्यार्थ्याचे होते. १८३४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले, आणि ते परतले. त्या पदावर बसलेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, म्हणजे त्यानंतर तेवीस वर्षांनी, आणि तोपर्यंत बाळशास्त्री हयातही नव्हते. म्हणून पदवी, उपाधी असे काही त्यांच्या नावापुढे लागले नाही. आमच्यासारख्या, पदव्यांची अक्षरे नावामागे लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कॉलेजात ते गणित, ज्योतिष वगैरे विषय शिकवीत. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही पुढे गाजलेली माणसे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी. दिवसा इंग्रजीतून शिकवावयाचे आणि वर्ग सुटल्यावर तेच मराठीत उतरवावयाचे, असा जणू त्यांचा नेम होता. कलनगणित, ज्याच्या नावाने आजही मोठ्या वर्गातील मुलांस घाम फुटतो, त्या विषयावर त्यांनी मराठीत 'शून्यलब्धि' हे पुस्तक लिहिले. शंभर-दीडशे वर्षांनंतरही हा विषय मराठीतून शिकविणे शक्य आहे की नाही यावर विद्वान वाद घालीत राहिले. बाळशास्त्र्यांनी वाद न घालता पुस्तक लिहून टाकले होते. लहान मुलांसाठी नीतिकथा व बालव्याकरण, थोड्या मोठ्यांसाठी भूगोलविद्येतील गणित, इंग्लंड देशाची बखर, हिंदुस्थानाचा इतिहास अशी त्यांची इतर पुस्तके. एकाच माणसाने बाळबोध व्याकरण आणि कलनगणित या दोन्हींना हात घालावा, हे आजच्या प्राध्यापकवर्गात कमी पाहावयास मिळते.

परंतु त्यांच्या कामातील ज्या भागाविषयी मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो भाग म्हणजे 'दिग्दर्शन'. १८४० साली त्यांनी हे मासिक काढले. मराठीतील हे पहिले मासिक. 'दर्पण' हे वृत्तपत्र होते. 'दिग्दर्शन' हे निव्वळ विद्येसाठी होते. पदार्थविज्ञान, रसायन, प्राण्यांचे व वनस्पतींचे शास्त्र, भूगोल, इतिहास, व्याकरण, गणित असे विषय त्यात येत, आणि समजुतीसाठी नकाशे व आकृत्या दिलेल्या असत. आता विद्यार्थ्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी, की आपणांस वाफेच्या यंत्रावर निबंध लिहावयाचा आहे, आणि मराठीत त्यातील एकाही भागाला नाव नाही. दाब म्हणजे काय, घनता म्हणजे काय, वायूंना काय म्हणावे, हे सर्व आधी ठरवावयाचे. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा कोश १८३१ साली निघाला होता, परंतु इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देणारा मोठा कोश छापून बाहेर पडला तो १८४७ साली, 'दिग्दर्शन' निघाल्यानंतर सात वर्षांनी. तेव्हा शब्द संस्कृतातून घ्यावा, की लोकांच्या बोलीतून, की परक्या भाषेतला तसाच ठेवावा, हा प्रश्न लिहिणाऱ्याने दर ओळीला स्वतःच सोडवावयाचा. फार संस्कृत केला तर शेतकऱ्यास कळणार नाही. फार साधा केला तर शास्त्राचा अर्थ निसटणार. ही अडचण मी स्वतः विज्ञानाचा तास घेताना रोज अनुभवतो, आणि माझ्या हाताशी तर कोशांची फळीच्या फळी आहे.

जुन्या विद्येकडेही त्यांनी पाठ फिरविली नाही. जुने ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांचे इंग्रजी भाषांतर ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध करीत. हे लेखन पंडितांसाठी. दुसरीकडे १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची मुद्रित प्रत प्रथमच लोकांपुढे आणली. हस्तलिखित पोथी मठात वा एखाद्या घरच्या देवघरात बांधलेली असे. छापलेली पोथी ज्याला वाचता येईल त्याची झाली. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. शिवाय शाळा तपासण्याचे काम, आणि १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी निघालेला अध्यापनवर्ग, यांचाही भार त्यांच्यावरच. आम्हा शिक्षकांच्या धंद्याचा या प्रांतातील उगम त्या वर्गात आहे.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. मिशन शाळेच्या मासिकात तो गाळला असता कोणी दोष दिला नसता, परंतु गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री परळीकर या तरुण ब्राह्मणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. (हेच पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री झाले व जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसविले.) त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरी राहावयास गेला. तो अल्पवयी असल्याने न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. परंतु परधर्मीयांच्या घरी जेवलेल्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मणमंडळीत मोठा कलह माजला. मुलाचा काही अपराध नाही, प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्र्यांनी उचलला. अर्थात ते मिशनऱ्यांच्या विरुद्ध बाजूस उभे होते, आणि त्याच वेळी स्वतःच्या जातीतील कर्मठांच्याही. कर्मठांनी त्यांना पुष्कळ छळले, बहिष्काराची भीती घातली. मी ज्या धर्माचा आहे तो पाहता या प्रकरणात माझी सहानुभूती कोठे जाईल हे वाचक जाणतीलच. तरी विद्वानाने आपले मत घरातल्या घरात न ठेवता चव्हाट्यावर मांडले आणि त्याची किंमत मोजली, हे मला मान्य केलेच पाहिजे.

इतक्या श्रमांत शरीर टिकले नाही. शिलालेखांच्या शोधासाठी प्रवास करीत असता त्यांना ज्वर जडला, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. १८४६ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. वय चौतीस वर्षांचे. 'दिग्दर्शन' त्यापूर्वीच बंद पडले होते.

ते गेले तेव्हा त्यांचे काम उचलण्यास कोणी प्राध्यापक पुढे आला नाही. पुढे आले ते विद्यार्थी. कॉलेजातील तरुणांनी १८४८ साली एक साहित्य व शास्त्र सभा काढली आणि तिच्या दोन शाखा केल्या, एक मराठी व एक गुजराती. इंग्रजीत वाचलेले निबंध आपल्याच मंडळीत राहतात. म्हणून या शाखांनी मराठीत व गुजरातीत लोकांपुढे निबंध वाचावयाचे, असे ठरले. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग झाले. गुजराती शाखेत दादाभाई नौरोजी पुढाकार घेत होते. सभेत वाचलेले निबंध हवेत विरून जाऊ नयेत म्हणून १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले व ते १८६७ पर्यंत चालले. याच तरुणांनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या, आणि आपले स्वतःचे शिक्षण सांभाळून, सकाळच्या वेळी वेतन न घेता त्या मुलींना शिकविले. आज आपल्या सोलापुरातही विद्यापीठ आहे. २००४ साली ते स्थापन झाले. आपणांपैकी कित्येक तेथे जातील.

बापू छत्र्यांच्या घरातील केरो लक्ष्मण छत्रे हा मुलगा कुलाब्याच्या वेधशाळेत आकाशाचे व हवेचे वेध घेण्यास शिकला. तो पुढे पुण्यास गणिताचा प्राध्यापक झाला व टिळकांचा गुरू झाला. आपल्याकडची पंचांगे ज्या जुन्या गणितावर चालत त्यांत ग्रहांच्या जागा प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, हे त्याला वेधशाळेतील अभ्यासाने ठाऊक होते. १८६० साली त्याने 'ग्रहसाधनांची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो इंग्रजीत नव्हे, मराठीत, म्हणजे गावोगावच्या जोशीबुवांना पंचांग मांडताना तो हाती घेता यावा.