शिल्पकार करमरकर व शिवरायांचा अश्वारूढ पुतळा

जिजामातेचें जन्मस्थान सिंदखेडराजा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यांत आहे. त्यामुळें जळगांव जामोदच्या मुलांस शिवछत्रपतींचें नांव घरच्यासारखें वाटतें. परंतु पुण्यास महाराजांचा जो भव्य अश्वारूढ पुतळा आहे, तो घडविणाऱ्या पुरुषाची माहिती थोड्यांसच असेल. म्हणून विनायक पांडुरंग करमरकर यांची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

करमरकरांचा जन्म १८९१ सालीं अलिबागजवळील सासवणें या समुद्रकांठच्या खेड्यांत झाला. बाळपणापासून त्यांस चित्रकलेचा नाद होता. गांवच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनीं घोड्यावर बसलेल्या शिवाजीमहाराजांचें चित्र रेखाटलें होतें. तें कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें. मुलाच्या अंगचा गुण ओळखून त्यांनीं त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत धाडण्याची तजवीज केली. पुढें करमरकरांनीं कलकत्त्यास काम केलें व १९२० सालीं लंडनला जाऊन तेथें उच्च शिक्षण घेतलें.

पुण्यांतील स्मारकाची कल्पना कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची. १९२१ च्या नोव्हेंबरांत प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्तें कोनशिला बसली. परंतु पुढच्याच वर्षीं शाहूमहाराज निवर्तले. राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत हें काम करमरकरांनीं पार पाडिलें.

पुतळा सुमारें साडेतेरा फूट उंचीचा, आणि तो अखंड ओतावयाचा होता. अशा कामांत धातूचा रस ओततांना मध्येंच खंड पडला, तर अनेक महिन्यांचे श्रम एका क्षणांत वायां जातात. माझगांवच्या गोदींतील कारखान्यांत हें कठीण काम यशस्वी झालें. मग तो अवजड पुतळा बोरघाट चढून आगगाडीनें पुण्यास आला. १६ जून १९२८ रोजीं हल्लींच्या शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारांत गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनीं त्याचें अनावरण केलें. स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाचा आरंभ व शेवट दोन्हीं परकी सत्तेच्या हातून व्हावे, हा काळाचा विलक्षण खेळच होय. त्यानंतर १९ वर्षांनीं देश स्वतंत्र झाला.

करमरकर १९६७ सालीं वारले. सासवण्यास त्यांच्या घरीं त्यांच्या शिल्पांचें संग्रहालय आहे.

विद्यार्थ्यांनीं भिंती रंगवाव्या, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु ज्या मुलानें भिंतीवर कोळशा-खडूच्या वयांत महाराज पाहिले, त्यानेंच पुढें ते धातूंत उभे केले. मधल्या काळांत त्याचे परिश्रम होते, आणि आरंभीं एका वडीलधाऱ्या माणसाची गुणग्राहक नजर होती. परिश्रम आमच्या विद्यार्थ्यांनीं करावे. ती नजर पालकांनीं ठेवावी, इतकीच आमची विनंती आहे.