उत्तरेच्या रंगांचा चित्रकार : टॉम थॉमसन

खडकाळ टेकड्या, असंख्य तळी आणि पाइनची घनदाट अरण्ये, असे कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागाचे रूप आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कलारसिकांची अभिरुची युरोपीय वळणाची होती. या रासवट प्रदेशात चित्रविषय होण्याजोगे सौंदर्य आहे, असे फारसे कोणास वाटत नसे. हा समज पालटवणाऱ्यांत टॉम थॉमसन अग्रभागी होते.

५ ऑगस्ट १८७७ रोजी क्लेरमाँट येथे जन्मलेल्या थॉमसन यांचे बालपण लीथ या खेड्यातील शेतावर गेले. चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. आधी सिएटलमध्ये व पुढे टोराँटोच्या ‘ग्रिप’ या आस्थापनेत त्यांनी व्यावसायिक आरेखनाची नोकरी केली. तेथे जे. ई. एच. मॅकडोनाल्ड, आर्थर लिस्मर यांच्यासारखे चित्रकार सहकारी त्यांना भेटले. १९१२ मध्ये ते प्रथमच अल्गॉनक्विन उद्यानात गेले आणि त्या अरण्याचेच होऊन राहिले. लवकरच डॉ. जेम्स मॅकॅलम या नेत्रवैद्यांनी त्यांच्या वर्षभराच्या खर्चाची हमी घेतली आणि नोकरीचे जोखड उतरले.

वसंतापासून पानगळीपर्यंत होडीतून भ्रमंती करायची, लहान लाकडी फळ्यांवर तिथल्या तिथे रंग उतरवायचे आणि हिवाळ्यात टोराँटोत मोठे कॅनव्हास रंगवायचे, असा त्यांचा क्रम असे. १९१५ मध्ये नॅशनल गॅलरीने त्यांचे ‘नॉर्दर्न रिव्हर’ ५०० डॉलरना विकत घेतले. तरीही चरितार्थासाठी त्यांना वाटाड्याचे आणि वणव्यांवर पहारा ठेवण्याचे काम करावे लागले.

‘द जॅक पाइन’ हे त्यांच्या कलेचे शिखर मानले जाते. १९१६ मध्ये ग्रँड लेकच्या काठी केलेल्या छोट्या अभ्यासचित्रावरून ते साकारले. समोर झुकलेल्या फांद्यांचा एकाकी वृक्ष, मागे तळे व निळ्या-जांभळ्या टेकड्या आणि रुंद, आडव्या फटकाऱ्यांनी उजळलेले सायंकाळचे आकाश. रंगथरांखालून डोकावणारी तांबडी छटा वृक्षाला जणू आतून धग देते.

८ जुलै १९१७ रोजी थॉमसन कॅनू लेकवर होडी घेऊन निघाले, ते परतलेच नाहीत. आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. तेव्हा ते अवघे ३९ वर्षांचे होते. मृत्यूच्या कारणाविषयीचा वाद आजही मिटलेला नाही.

पुढच्याच वर्षी नॅशनल गॅलरीने ‘द जॅक पाइन’ खरेदी केले. १९२० मध्ये त्यांच्या स्नेह्यांनी ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ स्थापन केला. त्यात थॉमसन नव्हते. वाट मात्र त्यांनीच दाखवलेली होती.