तिसरे सालारजंग आणि दिवाण देवडीचे दप्तर

अफझलगंजातून नव्या पुलावरून मुसी ओलांडली की डाव्या हातास नदीकाठी सालारजंग संग्रहालयाची इमारत दिसते. बहुतेक लोक आत जातात ते बुरखाधारी रिबेकेचा संगमरवरी पुतळा पाहण्यास आणि तासाच्या ठोक्याला घड्याळातून बाहेर येणारा चिमुकला शिपाई पाहण्यास. परंतु ज्या दालनात या घराण्यातील पुरुषांची चित्रे, छायाचित्रे व नित्य वापरातील वस्तू मांडल्या आहेत, तेथे थबकणारा प्रेक्षक विरळा. हा सारा संग्रह ज्यांनी उभा केला, त्या नवाब मीर यूसुफ अली खान यांच्या आयुष्याचे मर्म मात्र त्याच दालनात सापडते.

त्यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यास झाला. हैदराबादच्या दिवाणांच्या घराण्यातील हा अखेरचा पुरुष मराठी मुलखात जन्मास आला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. वडील नवाब मीर लायक अली खान, म्हणजे दुसरे सालारजंग, हे १८८४ पासून १८८७ पर्यंत निजामाचे दिवाण होते. ते पद सुटल्यावर दोनच वर्षांनी, ७ जुलै १८८९ रोजी, पुण्यातच त्यांना मृत्यू आला. त्या वेळी बालकाचे वय महिनाभराचेही नव्हते. आजोबा तर सहा वर्षांपूर्वीच निवर्तले होते. पिता आणि पितामह या दोघांची ओळख या मुलास झाली ती कागदावरच्या अक्षरांतून, भिंतीवरच्या तसबिरींतून आणि वाड्यातील जुन्या माणसांच्या तोंडून.

आजोबा म्हणजे पहिले सालारजंग, नवाब मीर तुराब अली खान. चुलत्याच्या मृत्यूनंतर १८५३ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते दिवाण झाले. त्याच वर्षी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले होते. ते परत मिळविण्याचा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही, आणि त्यात त्यांना यशही आले नाही. त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. राज्याच्या महसुलाची दप्तरे तोवर वंशपरंपरागत दप्तरदारांच्या घरी असत. रायरायान हे मराठी ब्राह्मण घराणे त्यांतीलच एक. हिशेब घरात तोवर सत्ताही घरात, हे जाणून पहिल्या सालारजंगांनी राज्याचे कागद सरकारी कचेरीत आणविले. पिढ्यान्‌पिढ्या वह्या सांभाळणाऱ्या कुटुंबांना त्या बदलाचा अर्थ निराळा उलगडून सांगावयास नको. १८७६ साली ते विलायतेस गेले. जाताना वाटेत रोम येथे त्यांनी बेंझोनी या शिल्पकाराचा रिबेकेचा पुतळा विकत घेतला. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीच्या विकाराने त्यांचा अंत झाला.

तान्ह्या यूसुफ अलींच्या वाट्यास ही सारी पुण्याई आली आणि तिच्याबरोबर फार मोठी जहागीरही. तेलंगणातील कोसगी, कर्नाटकातील कोप्पळ आणि मराठवाड्यातील अजिंठा हे तिचे भाग होत. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मुलाचा सांभाळ केला आणि तो वयात येईपर्यंत जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली चालला. शिक्षण निजाम कॉलेजात झाले. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला, त्या वेळी ते एकोणीस वर्षांचे होते. त्या पुराने अफझलगंजातील रुग्णालय धुऊन नेले आणि अफझल पूलही वाहून गेला. दिवाण देवडी हा त्यांचा वाडा त्याच नदीच्या दक्षिणेस होता.

१९१२ साली सातव्या निजामांनी त्यांना महाराजा किशनप्रसाद यांच्या जागी दिवाण नेमले. वय तेवीस, आजोबांहूनही एका वर्षाने कमी. परंतु आजोबांना तीस वर्षे लाभली, नातवास जेमतेम अडीच. धनी आणि दिवाण यांचे जमले नाही, आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ते पदावरून दूर झाले. त्यानंतर पाच वर्षे निजामांनी कारभार स्वतःच पाहिला.

पंचविशीत राज्यकारभार संपलेल्या या पुरुषाने पुढली पस्तीस वर्षे वस्तू जमविण्यात घालविली. श्रीमंताचा छंद म्हणून त्याकडे पाहणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण ते पाहणे उथळ आहे. हस्तलिखिते, हस्तिदंत, जेड, शस्त्रे, चिनी भांडी, युरोपीय चित्रे यांच्याबरोबरच त्यांनी घराण्याचा पत्रव्यवहार, खरेदीच्या पावत्या व छायाचित्रेही टाकून दिली नाहीत. विकत आणलेली वस्तू पैशाने पुन्हा मिळेल. आजोबांच्या हातचे पत्र गेले तर गेलेच. ज्याला वडील आठवत नाहीत, त्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही.

ते अविवाहित राहिले. २ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हैदराबाद भारतात विलीन होऊन सहा महिनेही लोटले नव्हते. पुढे १५ ऑगस्टला जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला. वाडा सामानाने खच्चून भरलेला, औरस वारस कोणी नाही, नातलगांचे हक्क अनेक आणि जहागीर संपलेली. अशा घरांतील चीजवस्तू लिलावात कशा निघतात आणि कागद रद्दीत कसे जातात, हे त्या काळी सर्वांना दिसत होते.

येथे मात्र तसे झाले नाही. सरकारने संग्रहावर देखरेख बसविली आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय खुले झाले. १९५८ मध्ये वारसांनी तडजोडीने आपला हक्क सोडला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून संग्रहालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. सुमारे ४३,००० कलावस्तू, ९,००० हस्तलिखिते आणि ४७,००० छापील ग्रंथ अशी त्याची मोजदाद सांगितली जाते. १९६८ मध्ये ते मुसीकाठच्या नव्या इमारतीत आले. पुढे दिवाण देवडीचा बहुतेक भाग पाडला गेला. ज्या खोल्यांत तो पोरका मुलगा तसबिरी पाहत वाढला त्या आता नाहीत. तसबिरी तेवढ्या पुलापलीकडे भिंतीवर आहेत.